कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी उघडा: जुन्या गाडीत पेट्रोल कुठे अडतंय ते शोधताना

जुनी गाडी पहिल्यांदाच घेतलेल्या माणसाची एक चूक ठरलेली असते. गाडी चढावर झटके देते, मग मरते, आणि पठ्ठ्या बॉनेट उघडून थेट कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, स्क्रूंना हात घालतो. मीही घातला होता. तीन रविवार कार्ब्युरेटर खोलला, त्यातली पेट्रोलची बारीक भोकं, म्हणजे जेट, फुंकले, नवी गॅस्केटं टाकून परत बसवला. गाडी वीसेक मिनिटं मजेत पळायची आणि पुन्हा ठप्प. शेवटी दोष निघाला टाकीच्या झाकणात. गंजलेलं मूळ झाकण काढून मी हौसेने कुलपाचं चकचकीत झाकण लावलं होतं, आणि त्याला हवा आत घ्यायचं भोकच नव्हतं. पेट्रोल उपसलं जाईल तशी टाकीत पोकळी वाढायची आणि बिचारा पंप ओढून ओढून थकायचा. पेट्रोल भरायला थांबलो की झाकण उघडायचं, हवा आत जायची, गाडी पुन्हा ताजीतवानी. त्यामुळे कित्येक दिवस मी पेट्रोललाच नावं ठेवत होतो. झाकण उघडताना होणारा फुस्स आवाज दर वेळी कानावर पडत होता, डोक्यात शिरत नव्हता.

तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे. पेट्रोल टाकीतून निघून कार्ब्युरेटरपर्यंत ज्या वाटेने येतं ती वाट आधी तपासायची. वाट एका जागी सोडवायची, बिघाड तिच्या पुढे आहे की मागे ते ठरवायचं, मग उरलेल्या भागाचे पुन्हा दोन तुकडे. कार्ब्युरेटर शेवटी, आणि तोही गरज पडली तरच.

हे सगळं कार्ब्युरेटरच्या गाड्यांपुरतं आहे. १९६७ मध्ये बॉशचं डी-जेट्रॉनिक हे दाबाने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं, त्यानंतरच्या काही जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असतं. कार्ब्युरेटरच्या पाइपात दाब जेमतेम ०.२ ते ०.४ बार, डी-जेट्रॉनिकमध्ये तो २ बारच्या आसपास आणि बॉशच्याच के-जेट्रॉनिकमध्ये ५ बारच्या जवळपास असतो. तिथे खाली दिल्याप्रमाणे पाइप सोडवलात तर पेट्रोल थेट तोंडावर येईल.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असते. म्हणजे ती उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते, खड्ड्यात साचते. गाडीखाली खड्डा असेल तर त्यात उतरून हे काम करू नका. दारं उघडी ठेवा. जुन्या पद्धतीचा तारेच्या जाळीतला बल्ब गाडीखाली नेऊ नका. तो पडून फुटला आणि त्यावर पेट्रोल सांडलं तर पुढचं सांगायला नको. एलईडी टॉर्च घ्या. पाइप सोडवताना इंजिन थंड हवं. आग विझवायचं सिलिंडर हाताच्या अंतरावर, डिकीत नाही. टाकीजवळ काम असेल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

आणि एक सवय मोडा. गाडी सुरू होत नाही म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून एकाने सेल मारायचा, दुसऱ्याने वरून वाकून बघायचं, हे सर्रास चालतं. इंजिनाने उलटा फटका मारला की ज्वाळा त्याच तोंडातून वर येते.

दोष पेट्रोलचाच आहे ना?

जुन्या मिस्त्रींचा एक आवडता टोमणा आहे: कार्ब्युरेटरचे निम्मे आजार डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागात, सापडतात. खरं आहे ते. गाडी कशी मरते याकडे लक्ष द्या. बटण बंद केल्यासारखी, एका क्षणात आणि पूर्ण मेली तर संशय स्पार्कवर घ्या: कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, सुटलेली वायर. आधी पिकअप जातो, मग गाडी झटके देते, रेस सोडली की जरा सावरते, पुन्हा दाबली की मान टाकते, असं असेल तर पेट्रोल कमी पडतंय. तापल्यावर दगा देणारा कंडेन्सर मात्र हुबेहूब पेट्रोलच्या दोषाचं सोंग घेतो. म्हणून गाडी मरेल तिथेच, लगेच, एक प्लग काढून स्पार्क बघा. घरी येऊन, इंजिन थंड झाल्यावर बघून काही कळत नाही. बघताना तो प्लग त्याच्या उघड्या भोकापासून लांब धरा, भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

प्लग काढलाच आहे तर त्याचं तोंडही वाचा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोचतंय, उलट जास्त होतंय किंवा जळत नाहीये. कोरडा, पांढुरका असेल तर उपासमार.

चालत्या गाडीत करायची माझी सगळ्यात लाडकी चाचणी म्हणजे चोक, कार्ब्युरेटरची हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप. गाडी झटके द्यायला लागली की हाताचा चोक अर्धा ओढा. झटके थांबले किंवा कमी झाले तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी येतंय किंवा मॅनिफोल्डमधून (कार्ब्युरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळकांड्यातून) कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. काहीच फरक पडला नाही किंवा प्रकरण बिघडलं तर दिशा बदला.

गाडी मेल्यावर इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्च मारा आणि रेसची दांडी हाताने झटकन ओढा. सोलेक्स किंवा वेबरसारख्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली पाहिजे. दिसली तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठवायच्या छोट्या कप्प्यात, पेट्रोल आहे. नाही दिसली तर वाटी बहुधा कोरडी. एसयू आणि स्ट्रॉमबर्गच्या सरकत्या पिस्टनवाल्या बहुतेक कार्ब्युरेटरना ही पिचकारी मुळात नसतेच, तेव्हा तिथे ती न दिसल्याने घाबरू नका. त्यांची वाटी सोडवूनच बघावी लागते.

हो, आणि टाकीत पेट्रोल आहे का? हसू नका. जुन्या गाडीचा काटा अर्धी टाकी दाखवत असतो आणि आत नुसता वास असतो. स्वच्छ लाकडी काठी आत घालून बघा. भरण्याची नळी वाकडी असेल तर काठी तळाशी पोचत नाही. मग पाच लिटर ओता आणि पुन्हा सेल मारा. ते पाच लिटर वाया जात नाहीत.

पहिला छेद: कार्ब्युरेटरच्या तोंडाशी

आता कार्ब्युरेटरला येणारा पाइप सोडवा आणि त्याला रबरी नळी जोडून तिचं टोक एका जाड प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीत सोडा. कॉइलला स्विचकडून येणारी बारीक वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मधली जाड वायर नुसती उपटून मोकळी सोडू नका. ती ठिणग्या टाकते आणि तुम्ही शेजारी पेट्रोलची बाटली घेऊन उभे असता. विजेच्या पंपाची गाडी असेल तर सेल मारायची गरजही नाही, नुसती चावी फिरवा.

कोणाला तरी दहा सेकंद सेल मारायला सांगा. चांगला यांत्रिक पंप ठोके टाकत पेट्रोल फेकतो, प्रत्येक ठोक्याला नळीतून भरीव घोट येतो आणि बाटलीत थप्प असा पडतो. पहिले एक-दोन ठोके कोरडे गेले तरी चालतात. मोठ्या इंजिनांच्या पंपांसाठी अर्ध्या मिनिटात साधारण अर्धा लिटर हा जुना मापदंड आहे. लहान चार सिलिंडरच्या गाडीला त्याहून कमी पुरतं. पण अर्धा मिनिट सलग सेल मारू नका, सेल म्हणजे स्टार्टर मोटर जळेल. दहा-दहा सेकंदांचे तीन हप्ते करा, मध्ये उसंत द्या.

हा आकडा कशाशी तोलायचा ते सांगतो, कारण त्याशिवाय बाटलीतलं पेट्रोल बघून काही बोध होत नाही. गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल आणि ताशी ६० ने चालली असेल तर तासाला ५ लिटर, म्हणजे सेकंदाला दीड मिलिलिटरही लागत नाही. ६५-७० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण रेसवर मात्र तासाला २० लिटरच्या घरात पितं: सेकंदाला साडेपाच मिलिलिटर. म्हणूनच अर्धवट तुंबलेली लाइन सपाटीवर अजिबात कळत नाही आणि लांब चढावर गाडीचा जीव घेते. दहा सेकंदांत बाटलीत ५०-६० मिलिलिटरसुद्धा येत नसेल तर चढावरच्या झटक्यांचं उत्तर हातात आलं.

किती येतं याच्याइतकंच कसं येतं ते बघा. नळीचं टोक बाटलीतल्या पेट्रोलात बुडवून ठेवा. सुरुवातीचे बुडबुडे गेल्यावरही बुडबुड्यांची माळ चालूच राहिली तर पंपाच्या मागे कुठेतरी हवा शिरतेय. नुसती धार बारीक असेल तर मागे अडथळा आहे किंवा पंप दमलाय. धार भरदार, बुडबुडे नाहीत, आणि तरी वाटी कोरडी राहते? मग अडकलंय ते पुढे: कार्ब्युरेटरच्या तोंडातली छोटी पितळी जाळी किंवा नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुईसारखी झडप. ती जाळी असते हेच पुष्कळांना माहीत नसतं, आणि वर्षानुवर्षांचा लाल चिखल तिच्यात बसलेला असतो.

दुसरा छेद: डब्याची चाचणी

धार बारीक निघाली तर पंपाकडे येणारी, म्हणजे टाकीच्या बाजूची नळी काढून तिला बूच मारा. पंपाच्या त्या तोंडाला वेगळी नळी जोडून ती एका लहान, घट्ट बसवलेल्या पेट्रोलच्या डब्यात सोडा आणि पुन्हा सेल मारा. डब्यातून भरदार धार आली तर पंप निर्दोष. दोष मागे, टाकी आणि पंप यांच्या मध्ये. डब्यातूनही तेवढंच रडगाणं असेल तर पंप धरा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि याने जो पैसा आणि जे रविवार वाचतात त्यांना तोड नाही. नवा पंप आणून बसवायचा आणि बघायचं फरक पडतो का, हा मार्ग मला कधीच पटला नाही.

टाकीकडची बाजू

बहुतेक वेळा दोष इथेच असतो, म्हणून इथे घाई करू नका.

झाकणाचं वर आलंच. गाडी मरताक्षणी झाकण सैल करा, फुस्स झालं आणि गाडी लगेच सुरू झाली तर पुढचं काही वाचायची गरज नाही. काही गाड्यांत झाकण बंदच असतं आणि हवेसाठी टाकीला वेगळी बारीक नळी असते. तिच्यात कुंभारमाशी घर करते.

मग रबरी नळ्या. टाकीच्या तोंडाशी एक, लोखंडी पाइप संपून पंपाकडे जाताना एक, कधी मध्येही एखादी. पंपाच्या मागची सगळी बाजू ओढीची असते, दाबाची नसते. त्यामुळे तिथल्या नळीला चीर पडली तरी गाडी चालताना पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. खाली एक थेंब दिसत नाही म्हणून नळी चांगली, हा निष्कर्ष चुकीचा. नळी दोन बोटांत धरून वाकवा. वाकलेल्या पाठीवर केसासारख्या भेगा दिसल्या की ती गेली.

बाहेरून धडधाकट दिसणारी नळीही फसवते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला आतून फुगवतं आणि सोलतं. माझ्याकडे अशी एक नळी निघाली. ब्लेडने उभी चिरली तर आतला थर पापुद्र्यासारखा सुटून एका बाजूने लोंबत होता. सावकाश चालवताना पेट्रोल त्याच्या बाजूने वाट काढायचं. जोरात ओढ लागली की तो पापुद्रा दार लोटल्यासारखा भोकावर बसायचा. फुंकून बघितली होती मी ती नळी आधी, पण उलट्या बाजूने. फुंक आरपार गेली, आणि मी तिला प्रशस्तिपत्र देऊन टाकलं. आता शंका आली की नळी सरळ बदलतो, आणि बदलताना एसएई जे३० आर९ असं छापलेलीच घेतो, ती इथेनॉलला टिकते.

फिल्टर बदलणं सोपं आहे, म्हणून तो आधीच बदलून झालेला असतो. दोनच गोष्टी बघा: बाण इंजिनाकडे आहे का, आणि पारदर्शक फिल्टर अर्धा रिकामा दिसतो म्हणून उगाच झोप उडवू नका. पुष्कळ चांगल्या गाड्यांत तो तसाच दिसतो. फिल्टर डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर लटकवलेला असेल तर मात्र आजच हलवा. मागे इंजिन असलेल्या फोक्सवॅगन बीटलमध्ये अशी जोडणी हमखास दिसते, आणि तिथे प्लॅस्टिकचं तोंड तडकलं की पेट्रोल ठिणग्यांवर ठिबकतं.

राहिली टाकी. तिच्यातला दोष ओळखायची एक खूण आहे. गाडी जोरात पळताना गुदमरते, मरते, आणि काही न करता दहा मिनिटं उभी केली की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. गंजाचा भुगा, जुन्या पेट्रोलची साय, टाकीच्या आतल्या लेपाचे सुटलेले पोपडे ओढीमुळे आतल्या जाळीवर जाऊन चिकटतात. ओढ थांबली की गळून तळाला बसतात. पडताळण्यासाठी पंपाकडची नळी काढा, टाकीचं झाकण उघडा आणि नळीतून मागे टाकीकडे हलकी हवा मारा. सायकलचा पंप पुरे. कंप्रेसरचा पूर्ण दाब नको, जाळी फाटेल. दुसऱ्या माणसाला टाकीच्या तोंडाशी ऐकायला उभं करा. मोकळे, सलग बुडबुडे ऐकू आले पाहिजेत. आधी अडून मग एकदम भसकन फुटले तर कचरा होता. अशा फुंकीने गाडी दोन-चार दिवस मस्त चालेल आणि पुन्हा मरेल. कचरा कुठे गेलेला नसतो. टाकी उतरवून धुवावीच लागते.

पंप

इंजिनाच्या कॅमवर चालणारा यांत्रिक पंप, ज्याला आपल्याकडे सरसकट एसी पंप म्हणतात, फार साधा प्राणी आहे: एक पडदा, एक स्प्रिंग, दोन झडपा, एक दांडी. पडदा फाटला तर पेट्रोल पंपाच्या पोटातल्या बारीक भोकातून बाहेर ठिबकतं, किंवा, आणि हे वाईट, इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. म्हणून पंपावर संशय आला की डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सुरूच करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पंप आणि ऑइल दोन्ही बदला. नवा पंप बसवताना मधली गॅस्केट जुन्या जाडीचीच घ्या. जाड बसली तर दांडी कॅमपासून लांब जाते आणि कोरा पंप आळशी निघतो.

एसयूच्या विजेच्या पंपाची नाडी कानाने कळते. चावी फिरवली की टिकटिक करतो, वाट्या भरल्या की थांबतो. इंजिन बंद असताना टिकटिक थांबतच नसेल तर एकतर हवा ओढतोय, नाहीतर झडप बसत नाही, नाहीतर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओसंडतंय. टिकटिकच नसेल तर त्याच्या अंगावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एक हलकी टपली मारा. जागा झाला तर पॉइंट जळालेत. टपलीवर घरी पोचता येतं, टपलीवर गाडी ठेवू नये.

दाब कमी असतो तसा जास्तही असतो. बऱ्याच एसयू आणि वेबर कार्ब्युरेटरना ३ पीएसआयच्या (सुमारे ०.२ बारच्या) आसपास दाब मानवतो. कोणीतरी पूर्वी ६-७ पीएसआयचा विजेचा पंप लावून ठेवलेला असेल तर तो नीडल व्हॉल्व्ह ढकलून वाटी ओव्हरफ्लो करतो, आणि मालक फ्लोट बदलत बसतो.

उन्हाची तक्रार

पेट्रोल एका ठरावीक तापमानाला उकळत नाही. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उडायला लागतात, आणि ओढीच्या बाजूला दाब कमी असल्याने आणखी लवकर. पाइपात वाफ झाली की पंप वाफच चघळत बसतो. रहदारीत अडकून गाडी मेली तर पंपावर आणि पाइपावर ओला फडका टाका. पाच मिनिटांत सुरू झाली तर निदान झालं. पाइपाला लाकडी कपड्याचे चिमटे लावायचा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. माझ्या अनुभवात चिमट्यांनी फक्त मालकाला धीर येतो. पाइप सायलेन्सरच्या पाइपापासून दूर हलवणं, मध्ये पत्रा लावणं, कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा बेकेलाइटचा जाड तुकडा बसवणं, हे खरे उपाय.

गरम गाडी दहा मिनिटं उभी केल्यावर सुरू होत नसेल तर ते प्रकरण वेगळं. तिथे बहुधा वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलेलं असतं, म्हणजे गाडी उपाशी नाही, ओव्हर झालीय. चोकला हात न लावता रेस पूर्ण दाबून धरा आणि सेल मारा.

आता कार्ब्युरेटर

इथपर्यंत येऊन धार भरदार असेल तरच वाटीचं झाकण काढा. फ्लोट हातात घेऊन कानाशी हलवा. पितळी फ्लोटमध्ये खळखळ ऐकू आली तर त्याला भोक आहे, तो बुडतोय आणि पेट्रोल ओसंडतंय. नीडल बोटाने वर-खाली करून बघा, तिच्या टोकाला गोल चर पडला असेल तर ती आणि तिची बैठक दोन्ही बदला. तळाचा गाळ पुसून फेकू नका, आधी पांढऱ्या कागदावर काढा. तांबूस भुगा म्हणजे टाकी, काळे मऊ कण म्हणजे नळ्या, चिकट पिवळी साय म्हणजे वर्षभर उभी राहिलेली गाडी. स्क्रू जागेवरच राहू द्या, त्यांची पाळी आलेली नाही.

सगळं जोडून झाल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडी चिंधी फिरवा. मग ज्या चढावर गाडी मरत होती तोच चढ, त्याच गिअरमध्ये. रात्री पंपाखाली आणि टाकीखाली पुठ्ठ्याचे तुकडे टाकून ठेवा. सकाळी ते कोरडे असतील तर हत्यारं उचला.